कूलर मिस्त्रीच्या खिशातला टॉर्च: हजार रुपयांत निवड कशी झाली

हे प्रकरण नागपुरातल्या एका कूलर मिस्त्रीचं आहे. मार्च ते जून त्याचा हंगाम. मानेवाडा, नंदनवन, प्रतापनगर अशी दुचाकीवर फिरती आणि दिवसाला सहा-सात घरं. पाऊस लागला की पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी. उजेडाला आजवर मोबाइलच होता. आता रोज खिशात राहील असा टॉर्च हवा होता. टॉर्च, सेल आणि चार्जर मिळून हजारावर जायचं नाही, एवढी एकच अट त्याने आधी सांगितली. बाकीच्या अटी कामातून काढाव्या लागल्या.

मोबाइलचा उजेड साधारण ४०-५० लुमेनचा असतो (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). तो सगळीकडे पसरतो, त्यामुळे हातभर अंतरावर बरा आणि कूलरच्या तळाशी फिका. खरी अडचण मात्र वेगळीच. एका हातात मोबाइल अडकला की पंपाची वायर सोडायला एकच हात उरतो. टाकीत पडला तर दहा-पंधरा हजारांचं नुकसान. आणि मे महिन्यात मोबाइल एवढा तापतो की फ्लॅश आपोआप बंद होतो. नेमका शिडीवर असताना.

आधी काम मोजलं

दुकानात जाण्याआधी तो टॉर्च कुठे-कुठे वापरणार ते लिहून काढलं. चार कामं निघाली आणि चारींची गरज वेगळी.

सगळ्यात अवघड काम भर दुपारचं. बहुतेकांना वाटतं, टॉर्चला जास्त उजेड रात्री लागतो. इथे उलट आहे. खिडकीबाहेर लावलेल्या कूलरची ताटी काढून आत बघायचं असतं. बाहेर उन्हात लाखभर लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) प्रकाश आणि कूलरच्या पोटात त्याचा शंभरावा हिस्साही नाही. उन्हात बाहुली बारीक झालेली असते आणि अंधाराला डोळा सरावायला कित्येक मिनिटं लागतात. तेवढा वेळ कोण थांबतो? म्हणून दुपारी १०० ते १५० लुमेन लागतात. तोच उजेड रात्री चकचकीत पत्र्यावर मारला तर परतून थेट डोळ्यांत येतो. रात्री लाइट गेल्यावर मीटरच्या पेटीत बघायला ५ लुमेन पुरतात.

दुसरं काम रंग ओळखण्याचं. मोटारीच्या वाइंडिंगमधून येणाऱ्या वायरींत लाल, तपकिरी आणि नारिंगी जवळजवळ असतात. त्यात धूळ आणि क्षाराचा थर. स्वस्त टॉर्चमधल्या निळसर पांढऱ्या एलईडीत लाल रंग नीट उठत नाही आणि तपकिरी काळ्यासारखा दिसतो. रंग किती खरे दिसतात याचा सीआरआय नावाचा निर्देशांक असतो. साध्या एलईडीचा ७० च्या आसपास, चांगल्याचा ९० च्या वर. वायरचं काम करणाऱ्याने २० लुमेन कमी घेतले तरी चालतील, पण रंग खरा दिसायला हवा.

तिसरं, बारीक अक्षर वाचणं. पंख्याच्या कंडेन्सरवर २.५ लिहिलंय की ३.१५, हे पुसट छापील आकड्यांवरून कळतं. इथे झोत नको, समान पसरलेला उजेड हवा. चौथं, दोन्ही हात मोकळे ठेवणं. टॉर्च दातात धरायची सवय बऱ्याच मिस्त्रींना असते. ॲल्युमिनियमची नळी दातात धरून २३० व्होल्टच्या टर्मिनलवर वाकणं हा जिवाशी खेळ आहे. त्यामुळे टोपीच्या कडेला अडकेल अशी क्लिप किंवा पत्र्याला चिकटणारं चुंबक, दोन्हींपैकी एक हवंच असं ठरलं. आणि मेन स्विच बंद केल्याशिवाय आत हात घालायचा नाही, टॉर्च कुठलाही असो.

या चार कामांत लांब झोताचं काम एकही नाही. गणित साधं आहे. खोक्यावर लिहिलेलं झोताचं अंतर म्हणजे जिथे पोचेपर्यंत प्रकाश ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. झोताच्या मध्याची तीव्रता कँडेलात देतात. तिच्या वर्गमुळाची दुप्पट केली की मीटर मिळतात. ९०० कँडेलाचा टॉर्च ६० मीटरचा. तोच अर्ध्या मीटरवर धरला तर ३,६०० लक्स पडतात आणि टेबलावर लिहायला-वाचायला ५०० पुरतात. खोक्यावरचं '५०० मीटर' या मिस्त्रीच्या काहीच कामाचं नाही, उलट झोत जितका टोकदार तितका जवळचा भाग वाईट दिसतो.

सीताबर्डीच्या बाजारात समोर आलेले पर्याय

पहिल्याच दुकानात झूमवाला टॉर्च पुढे आला. "भाऊ, हा घ्या, अंबाझरी तलावाच्या या काठावरून त्या काठाला मारते." दीडशे रुपये, पुढचं डोकं ओढलं की झोत बारीक होतो. आत प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात तीन बारीक सेल. हा नाकारण्याची तीन कारणं. झोत बारीक केल्यावर मध्ये एलईडीचा चौकोन उमटतो आणि आजूबाजूला काळोख राहतो. डोकं पुढे-मागे करताना हवा आत-बाहेर होते, तिच्यासोबत ओल आणि धूळ आत जाते. शिवाय तीन सेलपैकी एक कमकुवत निघाला की तो रिकामा झाल्यावरही बाकीचे दोघे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात आणि तो गळू शकतो. पिंजऱ्याच्या पत्र्याच्या पट्ट्या सैल पडतात तो त्रास निराळाच.

दुसरा, भिंतीतल्या सॉकेटला लावायच्या दोन पिनांचा. घराघरात असतो, म्हणून तो सुरक्षित समजला जातो. या टॉर्चमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कंडेन्सरमधून वीज उतरवून बॅटरी चार्ज करतात. म्हणजे चार्जिंग चालू असताना आतली सगळी वायरिंग थेट मेनला जोडलेली राहते. बॉडीला चीर गेली असेल आणि हात ओले असतील तर झटका बसतो. चार्जिंगला लावून टॉर्च पेटवला तर एलईडी जळण्याचीही शक्यता. आतली बॅटरी ४ व्होल्टची लेड-ॲसिड असेल तर ती रिकामी ठेवलेली चालत नाही; महिनाभर पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि चार्ज धरत नाही. पाण्यात काम करणाऱ्या माणसासाठी हा पर्याय विचारातही घ्यायला नको.

तिसरा पर्याय तगडा होता: आतच लिथियम सेल आणि यूएसबी-सी चार्जिंग. चारशे ते सातशे रुपयांत चांगला उजेड मिळतो. ऑफिसला जाणाऱ्या, रात्री मोबाइलसोबतच टॉर्च चार्ज करणाऱ्या माणसाने हाच घ्यावा. फक्त दोन गोष्टी तपासाव्या. काही टॉर्चमध्ये सेल आत पक्का बसवलेला नसतो; असा सुटा १८६५० (लिथियम सेलचं एक प्रचलित माप) सेल दिला असेल आणि त्यावर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) लिहिलं असेल तर तो आकडा खोटा आहे, कारण या मापात आजही ३,५०० च्या आसपासच क्षमता बसते. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तराजूवर ३० च्या आत आला तर ठेवून द्या. दुसरं, दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्ज होतो का ते दुकानातच पाहा. स्वस्त टॉर्चमध्ये, चार्जरला टॉर्च जोडल्याची खूण देणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात, मग नवा चार्जर त्याला वीजच देत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलने तोच टॉर्च चार्ज होतो आणि गिऱ्हाईक गोंधळात पडतं.

मग मिस्त्रीने तो का घेतला नाही? उन्हामुळे. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. नागपुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा तिथे पोचतो आणि उन्हात उभ्या दुचाकीची डिकी त्याच्याही बरीच पुढे जाते. पूर्ण चार्ज केलेला लिथियम सेल रोज अशा डिकीत राहिला तर दोन उन्हाळ्यांत त्याची क्षमता उघड उघड घटते. तो आतच बसवलेला असला की सेलसोबत टॉर्चही गेला. शिवाय चार वाजता सेल संपला तर पुढच्या दोन घरांचं काय? आत बसवलेला सेल बदलता येत नाही.

डोक्याला बांधायचा दिवा दोन्ही हात मोकळे ठेवतो, पण खिशात मावत नाही आणि मे महिन्यात घामाने भिजलेला पट्टा कपाळावर कुणी ठेवत नाही. तो वगळला.

उरले दोन: दोन बारीक सेलचा पेनसारखा आणि एका पेन्सिल सेलचा आखूड. पेनचा खिशाला छान. पण रिमोटचे बारीक सेल रिचार्जेबल घेतले तर प्रत्येकी ८०० एमएएचच्या आसपास. दोघांची मिळून ऊर्जा सुमारे १.९ वॉट-तास. पेन्सिल सेल २,००० एमएएचचा, एकटाच २.४ वॉट-तास देतो. एकच सेल असल्यावर नवा-जुना सोबत घालण्याचा आणि रिकाम्या सेलमधून प्रवाह रेटला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि अडीनडीला पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराण्यात मिळतो. तिथेही नाही मिळाला तर गिऱ्हाइकाच्या भिंतीवरच्या घड्याळात असतोच. विचारून दहा मिनिटं काढून घेता येतो.

काउंटरवरची तपासणी

एका पेन्सिल सेलचे दोन टॉर्च समोर ठेवले. मिस्त्रीच्या पिशवीत मल्टिमीटर आणि वायरींचे तुकडे होतेच.

आधी मागचं झाकण उघडून आटे पाहिले. आटे चौकोनी कापाचे, सफाईदार, आणि रबरी कडी खाचेत नीट बसलेली हवी. स्प्रिंग जाड हवी. केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये एका अँपिअरच्या प्रवाहाला व्होल्टेज पडतं. मग लाल, तपकिरी आणि नारिंगी वायरचे तुकडे तळहातावर ठेवून दोन्ही टॉर्चखाली पाहिले. पहिल्यात तपकिरी आणि लाल एकच वाटले. दुसऱ्याखाली तिन्ही वेगळे दिसले आणि तळहातही मेलेल्या रंगाचा वाटला नाही. खोक्यावर दुसऱ्याचे लुमेन कमी लिहिले होते. तरी पारडं इथेच झुकलं.

पुढची चाचणी कूलर-पंख्याचं काम करणाऱ्याने कधीच टाळू नये. मंद उजेडावर टॉर्च ठेवायचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचं. पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर टॉर्च सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन उजेड कमी करतोय. डोळ्याला ते कळत नाही. पण अशा लुकलुकत्या उजेडात फिरतं पातं उभं असल्यासारखं किंवा उलटं फिरताना दिसू शकतं. मोटार थांबली समजून हात आत गेला तर बोटं जातील. पहिल्या टॉर्चमध्ये पट्टे दिसले, दुसऱ्यात नाही.

शेवटी प्रवाह मोजला. मीटर १० अँपिअरच्या जागी लावायचा, झाकण काढायचं, सेल टोपीची बाजू पुढे करून आत ठेवायचा. एक टोक सेलच्या सपाट बुडाला, दुसरं नळीच्या रंग नसलेल्या उघड्या कडेला. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तरी हरकत नाही. मीटरच्या वायरींमुळे आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, पण अंदाज पक्का मिळतो. दुसऱ्या टॉर्चने पूर्ण उजेडावर सुमारे १.१ अँपिअर घेतले, मंदवर ४० मिलिअँपिअर. २,००० एमएएचच्या सेलवर म्हणजे पूर्ण उजेड पावणेदोन तासांच्या आसपास आणि मंद पन्नास तास. खोक्यावर पूर्ण उजेडाचे चार तास लिहिले होते. यात लबाडीच असते असं नाही: मोजणीच्या प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. १२० लुमेनचा टॉर्च १२ लुमेनवर येईपर्यंत 'चालू' समजला जातो. दिवसाला सहा घरं, प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं पूर्ण उजेड, म्हणजे चाळीस मिनिटं. एका सेलवर दोन दिवस जातात.

पूर्ण उजेडावर पाच मिनिटं हातात धरल्यावर नळी कोमट झाली. व्हायलाच हवी. उजेड भरपूर आणि बॉडी थंडगार असेल तर उष्णता एलईडीतच कोंडली आहे आणि तो लवकर मंदावेल.

निवड झाली ती अशी: ॲल्युमिनियमची बॉडी, एक पेन्सिल सेल, मंद-मध्यम-पूर्ण अशा तीन पायऱ्या, सुरुवात मंदपासून, लुकलुकणारा मोड नाही, मागे खोलगट स्विच, बुडाला चुंबक, दोन्ही दिशांना तोंड असलेली क्लिप, आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. टॉर्च साडेचारशेचा. दोन रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि भरल्यावर आपोआप थांबणारा यूएसबी चार्जर मिळून सव्वापाचशे. सेलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर-क्रमांक (नोंदणी क्रमांक) आहे, हे बघून घेतलं.

सेल रिचार्जेबलच का, याचं कारण फक्त पैसा नाही. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. एका सेलवरून ते चढवायला टॉर्चमधलं सर्किट सेलमधून मोठा प्रवाह ओढतं. साध्या झिंक-कार्बन सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो, तो १ अँपिअरला काही मिनिटांतच मान टाकतो. अल्कलाइन बरा, पण या प्रवाहाला त्याचीही निम्म्याहून जास्त क्षमता वाया जाते. निकेलच्या सेलला हा प्रवाह सहज झेपतो, जरी त्यावर १.५ ऐवजी १.२ व्होल्टच लिहिलेले असले तरी.

मापाने हुबेहूब पेन्सिल सेलसारखा एक लिथियम सेल बाजारात असतो, १४५०० नावाचा, ३.७ व्होल्टचा. टॉर्चच्या कागदावर तो चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घालू नये; सर्किट जळू शकतं. निकेलच्या चार्जरमध्ये तो चुकूनही लावू नये.

वापरात काय बिघडलं

तिसऱ्या आठवड्यात टॉर्च हलवला की लुकलुकायला लागला. स्विच गेला असं मिस्त्रीला वाटलं. दोष आट्यांपाशी होता. वीज मागच्या झाकणातून नळीत जाते ती आट्यांच्या टोकाशी असलेल्या नळीच्या उघड्या कडेच्या स्पर्शातून. कूलरच्या टाकीतलं पाणी वाफ होऊन दिवसेंदिवस खारट होत जातं. तेच ओले हात आणि घाम आट्यांवर आणि कडेवर पोचले आणि वाळून पांढरा थर बसला. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने आटे पुसले, कड आणि सेलचं बूड खोडरबराने घासलं, रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचा बारीक थर दिला. लुकलुकणं थांबलं. हंगामात महिन्यातून एकदा एवढं केलं की पुरतं. इथे खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस लावू नये, रबर फुगू शकतं.

दुसरी तक्रार अशी की सकाळी भरलेला सेल दुपारी रिकामा. हातोडीच्या दांड्यासोबत पिशवीत टाकला की स्विच दाबला जायचा. मागचं झाकण पाव आटा सैल करून ठेवलं की वीज तुटते, कारण या टॉर्चच्या आट्यांवर रंगाचा विद्युतरोधक थर आहे. उघड्या धातूच्या आट्यांवर ही युक्ती चालत नाही. शिवाय टॉर्च आता पिशवीत नाही, शर्टाच्या खिशातच राहतो.

तिसरी चार्जरची. मे महिन्यात दुपारी चार्ज केलेले सेल कमी चालू लागले. निकेलचा सेल तापलेल्या खोलीत पूर्ण भरत नाही. वीज साठण्याऐवजी उष्णतेत जाते आणि भरल्याची खूण चार्जरला लवकर मिळते. रात्री कूलरच्या वाऱ्यात चार्जर ठेवल्यावर वेळ पूर्ववत झाली. राखीव सेल सुट्या नाण्यांसोबत खिशात ठेवू नये, शॉर्ट होऊन पोळतो. दहा रुपयांची प्लॅस्टिकची डबी पुरते.

चुंबक पत्र्याच्या कूलरला घट्ट बसतं, प्लॅस्टिकच्या कूलरला अर्थातच नाही. तिथे टोपीची क्लिप. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, तो चिकटपट्टीने उचलावा. नाहीतर झाकण उघडताना आत जातो.

हीच निवड सगळ्यांना लागू नाही. नागपूरजवळच्या काटोलकडे रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्याला २०० मीटरवर रानडुक्कर आहे की नाही हे दिसायला हवं. त्यासाठी १०,००० कँडेलाचा झोत लागतो आणि पेन्सिल सेलच्या एवढ्याशा टॉर्चच्या तो आवाक्याबाहेरचा आहे. त्याने बदलता येणाऱ्या १८६५० चा, मोठ्या खोल रिफ्लेक्टरचा टॉर्च घ्यावा. तो शर्टाच्या खिशात मावणार नाही, आणि रात्री थंड हवेत वापरायचा असल्याने उन्हाचा प्रश्नही त्याला तितका नाही.